टावर उतरवला त्या दिवशी

नांदेडवरून निघालेली जीप भोकर मागे टाकून निंबटेकच्या फाट्यावर वळली, तशी सिंधुनं सवयीनं मान उजवीकडं केली. टावर होता. माळाच्या टोकावर, लाल-पांढरा रंग उडालेला, पण सरळ उभा. लग्न झाल्यापासून लातूरकडून माहेरी येताना दर वेळी इथंच तिची मान वळायची. घर दिसायच्या कितीतरी आधी टावर दिसायचा. आज तो शेवटचा दिसत होता, कारण आज दुपारी तो पाडणार होते.

"अक्का, यात्रा हाय का काय आज?" जीपवाल्यानं विचारलं.

रस्त्याच्या कडेनं ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉलीत बाया, लेकरं, म्हातारी माणसं. उमरीकडून आलेले ऑटो, मोटारसायकली, आणि माळाच्या पायवाटेनं वर चढणारी माणसांची रांग. सिंधुला कळेना. किशननं फोनवर सांगितलं होतं की नांदेडची एक टोळी येऊन लोखंड कापणार, बस. कुणाला आवतण दिल्याचं तो बोलला नव्हता.

लातूरहून निघतानाच तिनं ठरवलं होतं. सही करायची, मायला भेटायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरायचं. सही माळाच्या कागदावर करायची होती. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, व्यंकटरावांनी, हा माळ सरकारला टी.व्ही. केंद्रासाठी दिला होता. केंद्र चालेल तोवर तुमचं, बंद पडलं की आमचं, या बोलीवर. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. केंद्र बंद पडलं, लोखंड लिलावात गेलं आणि माळ वारसांच्या नावावर परत आला. धाकट्या किशननं तो एका खडी क्रशरवाल्याला द्यायचं नक्की केलं होतं. त्याला माय, थोरला दयानंद आणि सिंधु, तिघांच्या सह्या हव्या होत्या.

सिंधुची काही हरकत नव्हती. तो माळ फुटून त्याची खडी झाली तरी तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या माळानं आपला बाप नेला, असं तिला आतून कायम वाटत आलं होतं.

पायथ्याशी राजकन्या भेटली. किशनची बायको. कामगारांना पाणी नेण्यासाठी डोक्यावर कळशी, कमरेवर दुसरी. सिंधुला बघून तिनं दोन्ही कळश्या बांधावर टेकवल्या.

"अक्का, सही करू नका."

ना राम राम, ना पाणी. सिंधु बघतच राहिली. राजकन्या नवऱ्याच्या शब्दाबाहेर बोललेली तिनं कधी ऐकली नव्हती.

"किशनला म्हणालीस का हे?"

"म्हणून बघितलं. तुमचे भाऊ म्हणतेत, तुला काय कळतंय." राजकन्यानं पदरानं मान पुसली. "माझ्या बहिणीच्या गावाला क्रशर हाय अक्का. बाया तोंडाला ओलं फडकं बांधून सैपाक करून राहिल्यात. कापूस वेचायला जावं तर बोंड राखाडी. आपलं रान माळाच्या पायाशीच हाय."

"दादाला सांग की."

"दयानंददादा बोलतच न्हाईत. टावरनं त्यांना नोकरी दिली, मग ते कोण्या तोंडानं बोलतील? मायनं अंग काढून घेतलंय. उरल्या तुम्ही."

सिंधुनं बांधावरची एक कळशी उचलली आणि चढायला लागली. मनात मात्र म्हणाली, मी कशाला भांडू? माझं काय आहे इथं?

चढण तीच होती. टावर आला तेव्हा ती सातवीत होती. लोखंडाचे तुकडे घेऊन आलेल्या ट्रका पायथ्याशीच अडकल्या; वर रस्ताच नव्हता. मग गावातल्या बैलजोड्या जुंपल्या. पुढं आप्पांची जोडी. एकेक तुकडा असा वर जाताना सगळं गाव दोन्ही बाजूंनी उभं असायचं, आणि मग तेच तुकडे एकावर एक चढत आभाळात जाऊ लागले. सगळ्यात वर बसलेला माणूस चिमणीएवढा दिसायचा. बाया त्याच्याकडं बघून लेकरांना छातीशी धरायच्या.

आणि मग ती संध्याकाळ, शाळेच्या ओट्यावर टी.व्ही.ची पेटी ठेवली ती. आधी नुसत्या मुंग्या. मग पट्टे. मग एकाएकी एका बाईचा चेहरा, इतका स्वच्छ की तिच्या कानातलं दिसत होतं. माणसं उठून उभी राहिली. आप्पांची चुलती लक्ष्मम्मा देगलूरकडची, ती पुढं गेली आणि त्या बाईला तेलुगूत विचारू लागली, "नुव्वेवरम्मा?" तू कोण गं माय? बाई बातम्या सांगत राहिली. लक्ष्मम्मानं वळून आप्पांना विचारलं, "व्यंकट, ती आपल्याला बघती का रे?"

"न्हाई काकू," आप्पा म्हणाले होते. "आपणच बघायचं तिला."

त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा होता. सिंधुला तो अजून ऐकू यायचा. त्यानंतर आप्पा माळाचेच झाले. कुणी सांगितलेलं नसताना केंद्राचं अंगण झाडायचे, कुंपणाजवळ लिंबाची रोपं लावायचे, दिवेलागणीला वर जाऊन बसायचे. दिल्लीवरून आभाळात गेलेलं चित्र इथल्या अँटेनाच्या थाळीत उतरतं आणि आपल्या माळावरून भोकर, उमरी आणि मधल्या सगळ्या वाड्यांवर पसरतं, ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगायचे, आणि दर वेळी सांगताना स्वतःच थक्क व्हायचे. दयानंद तिथंच मदतनीस म्हणून लागला, शिकत शिकत तंत्रज्ञ झाला. किशन औतामागं राहिला. पुढं घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या, टावरकडं तोंड केलेल्या अँटेनाच्या काड्या गंजून पडल्या, आणि एके दिवशी केंद्राच्या दाराला कुलूप लागलं.

माळावर पोचल्यावर सिंधुला गर्दीचा खरा अंदाज आला. टोळीच्या मुकादमानं, धम्मानंदनं, चुन्याची रेघ मारून सगळ्यांना मागं उभं केलं होतं. रेघेच्या अलीकडं अख्खा माळ माणसांनी भरला होता, आणि तरी आवाज नव्हता. लोक टावरकडं मान वर करून बघत होते.

"मी लई टावर पाडले ताई," धम्मानंद तिच्या हातातून पाणी घेत म्हणाला. "बघायला पाच-दहा पोरं असतेत. हे असं पहिल्यांदाच बघून राहिलो. उमरीच्या त्या बाबांनी तर नारळ आणलाय. पाडायच्या आधी फोडू द्या म्हणले. मी कसा न्हाई म्हणू?"

ते बाबा म्हणजे सटवाजी. कमरेत वाकलेले, हातात नारळ धरून उभे. सिंधुनं विचारलं, "बाबा, तुम्ही एवढ्या लांबून?"

"रानात राहून जल्म गेला माय," सटवाजी म्हणाले. "तिकडून ह्याचा लाल दिवा दिसायचा. बायकू बाळंतपणात अडली तवा अंधारात बैलगाडी त्या दिव्यावर धरून भोकरला आणली. पोरगी झाली. आज ती पोलीस हाय." ते टावरकडं बघत राहिले. "टी.व्ही. आमच्या घरी कधीच नव्हता."

सिंधुनं त्यांना सावलीत बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

केंद्राच्या भिंतीजवळ, आप्पांनी लावलेल्या लिंबाखाली, माय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. नागाबाईंना आता लांबचं नीट दिसत नव्हतं. दयानंद खुर्चीमागं उभा होता, हात मागं बांधून. सिंधु पाया पडली. मायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुकलीस."

किशन आला तो हातात कागद घेऊनच.

"बरं झालं अक्का, येळेवर आलीस. क्रशरवाला खाली गाडीत बसलाय. हितं सही कर, दादाची करू, मायचा अंगठा घेऊ. टावर पडायच्या आत मोकळं होऊ."

"इतकी घाई?" दयानंद हळूच म्हणाला.

"तुला न्हाई घाई. तुझं झालं ना ह्याच्यावर." किशननं मान टावरकडं उडवली. "तुला पगार मिळाला, पेन्शन मिळंल. मला काय मिळालं? आप्पा सांजच्याला हितं बसायचे आणि मी खाली एकटा बैलं सोडायचो. बापाला बोलवाय आलो तर म्हणायचे, 'थांब, बातम्या होऊ दे.' आता तरी हा माळ माझ्या कामाला येऊ दे."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. सिंधुला त्याची दया आली, कारण तो जे बोलत होता तेच तीही इतकी वर्षं मनात बोलत आली होती. तिनं कागद भिंतीवर टेकवला, पेन उघडलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मला तरी कुठं काय मिळालं? भूकंप झाला तेव्हा माझी सासू गेली, दीर गेला, घर गेलं. तेरणेकाठच्या त्या चिखलात मी तंबूत बसलेली. आप्पा आले. माझ्याकडं बघितलं, खाली बसले, आणि म्हणाले, 'सिंधु, चहा मिळतो का गं इथं?' डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आपली पोरगी जिवंत दिसली म्हणून माणूस निदान जवळ तरी घेतो. त्या दिवशी मला कळलं त्यांचा जीव कुठं होता ते."

"मी संगं व्हतो," किशन म्हणाला. "नांदेडपासून ट्रकात मी रडत गेलो. आन् हे शेंगा सोलून मला देऊन राहिले. खा म्हणले. मला वाटलं, ह्या माणसाला काळीजच न्हाई."

सिंधुनं पेन टेकवलं.

"थांब सिंधु," दयानंद म्हणाला.

तो पुढं आला.

"भूकंपाच्या वक्ती मी ड्युटीवर व्हतो. गावात लाईट नव्हती. तिकडच्या गाड्या बंद, तार जात नव्हती. टी.व्ही. चालू व्हता तो फक्त ह्या खोलीत, जनरेटरवर. आप्पा सकाळी आले आन् पडद्यासमोर उभे राहिले. बस म्हणलो तर बसले न्हाईत. बातम्या लागल्या का इतके जवळ जायचे, का त्यांचा श्वास काचंवर बसायचा. पडद्यावर मुडदे दाखवत व्हते सिंधु. रांगंनं ठेवलेले. आप्पा एकेक तोंड बघत व्हते."

मायची मान खाली गेली होती.

"दुसऱ्या दिवशी दुपारच्या बातम्यांत पाण्याचा टँकर दाखवला. बायांची रांग. त्यात एक जण, डोक्यावर चादर, हातात कासंडी. दिसली आन् गेली. आप्पा म्हणले, 'दया, ही आपली सिंधु.' मला न्हाई दिसली. म्या तसंच सांगितलं. ते म्हणले, 'परत लाव.' म्या म्हणलो, आप्पा, हे आपल्या हातात न्हाई, वरून येतंय, आपण नुसतं पुढं सोडतो. मग ते पुढच्या बातम्यांची वाट बघत उभे राहिले. ते चित्र परत आलंच न्हाई. त्याच्या पुढच्या बातम्यांत बी न्हाई."

सिंधुच्या हातातून पेन आणि कागद खाली पडले. तिला टँकर आठवला. शेजारच्या तंबूतून मागून आणलेली पितळी कासंडी आठवली, आणि रांगेपुढून खांद्यावर कॅमेरा घेऊन गेलेला एक तरुण, ज्याच्याकडं तिनं रागानं बघितलं होतं. आमची मेलेली माणसं बघायला आलाय, असं तिच्या मनात आलं होतं. जगात आपल्याकडं बघणारं आपलं असं कुणी उरलं नाही, असं तिला वाटलं होतं ते नेमकं त्याच क्षणी. आणि त्याच क्षणी इथं, या माळावर, तिचा बाप काचेला नाक लावून तिला बघत होता.

ती भिंतीला धरून उभी राहिली.

"मग मायला का न्हाई सांगितलं?" किशननं विचारलं.

"म्या म्हणलो, सांगतो जाऊन. तर माझा हात धरला. म्हणले, 'माझी नजर चुकली असल तर? तिच्या आईला एकदा पोरगी देऊन परत कशी हिसकावून घेऊ? मी जाऊन बघतो. तोवर तोंडातून शब्द काढायचा न्हाई.' पहाटं तुला घेऊन निघाले."

"मला तरी सांगायचं वाटंत."

"तू सतरा वर्षाचा. तू हसत गेला असतास किशन. आन् ती तिथं नसती तर?"

किशन सिंधुकडं वळला. त्याचा आवाज बदलला होता.

"अक्का, आप्पा तुझ्या तंबूपाशी बसले म्हणलीस ना? ते बसले न्हाईत. त्यांचे पाय गेले. खांदा म्या धरला व्हता त्यांचा. नुसते थरथरून राहिले व्हते. मला वाटलं, उपाशी असतील. म्हणून चहा मागितला असंल असंच म्या समजलो आजपर्यंत."

इतक्या वर्षांत ही तीन भावंडं त्या दिवसाबद्दल कधी एका जागी बोललीच नव्हती. प्रत्येकानं आपापला तुकडा आपल्यापाशी ठेवला होता, आणि त्यावरून अख्खा बाप ठरवून टाकला होता.

"मला बी न्हाई बोलले," माय म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "त्या रात्री मी ताट सारलं. तर म्हणले, 'खा नागा. पोरगी आली का तिला कोण रांधून घालंल?' मला वाटलं, माझं मन राखायला बोलतेत. एवढं वझं एकट्यानं घेऊन बसले व्हते व्हय ते."

राजकन्या रिकामी कळशी धरून मागं उभी होती. ती डोळे टिपत होती.

धम्मानंदनं शिट्टी वाजवली. सटवाजींनी पुढं होऊन पायथ्याच्या काँक्रीटवर नारळ फोडला आणि पाणी चारी पायांवर शिंपडलं. मग त्यांना धरून रेघेच्या मागं आणलं. दोन पाय आधीच कापून ठेवलेले होते. उरलेल्या दोन्ही पायांवर गॅसची निळी ज्योत लागली. टावरच्या मध्याला बांधलेला तारेचा दोर लांबवर उभ्या पोकलेनला जोडला होता. दोर ताठ झाला.

आधी काहीच झालं नाही. मग लोखंडातून एक लांब, खोल आवाज आला, जनावर हंबरावं तसा. वरचं टोक हललं. ते इतकं हळू हललं की ढगच सरकतोय असं वाटावं. टोकावर बसलेल्या घारी एकदम उठल्या. आणि ते सगळं उंच लोखंड, बैलांनी एकेक तुकडा ओढून वर आणलेलं, आभाळातून तिरपं होत, वारा कापत, माळाच्या उतारावर आलं. जमीन पायांखाली हलली. सिंधुनं मायचा हात धरला. भूकंपानंतर जमीन हलली की तिचं काळीज थांबायचं. पण या वेळी ती घाबरली नाही. एवढी मोठी गोष्ट तिनं आधी कधी बघितली नव्हती, आणि तिच्यासमोर घाबरायलाही जागा नव्हती.

"पडला व्हय?" मायनं विचारलं.

"हाव माय. पडला."

धूळ वर उठली आणि हळूहळू बसली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलं नाही. पडलेल्या लोखंडाकडं कुणी धावलंही नाही. माणसं अजून वरच बघत होती, जिथं आता काही नव्हतं. सटवाजींनी त्या रिकाम्या जागेला हात जोडले. मग शेजारच्या बाईनं, मग तिच्यामागच्या कुणी. सिंधुनं जोडले तेव्हा तिला कळलंही नाही.

खालून क्रशरवाला चढून आला होता. पांढरा शर्ट, हातात मोबाईल. "किशनराव, झालं का मग? कागद द्या, मला नांदेडला पोचायचंय."

किशननं जमिनीवर पडलेला कागद उचलला, त्यावरची माती झटकली. सिंधुला वाटलं, आता आपल्यापुढं करील. आपण नाही म्हणू आणि भाऊ कायमचा तुटेल. तिनं मन घट्ट केलं. राजकन्या दोन पावलं पुढं येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, नवऱ्याच्या समोर. दयानंदही आला.

किशननं तिघांकडं बघितलं.

"असे काय उभारलात, म्या काय वाघ हाय?" तो म्हणाला, आणि क्रशरवाल्याकडं वळला. "शेठ, न्हाई जमत."

"अहो, बोलणं झालंय आपलं."

"झालं व्हतं. आता न्हाई. घरातलं हाय, तुम्हाला सांगून समजायचं न्हाई."

तो माणूस बराच वेळ कुरकुरला, कुणाकुणाची नावं घेतली, आणि शेवटी उतरून गेला. किशन खाली मान घालून ऐकत होता. माळाचं आता काय करायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. सिंधुला वाटलं, त्याला जवळ घ्यावं. पण तो आप्पांसारखाच होता, घेऊ दिलं नसतं.

लोक पांगू लागले. बायांनी ट्रॉलीतून भाकरीची फडकी काढली, लिंबाखाली जागा धरली, आणि राजकन्या त्यांना पाणी देत हिंडू लागली. धम्मानंदची माणसं लोखंडावर चढली.

"दादा," किशन म्हणाला. "खोलीची किल्ली हाय का तुझ्याकडं?"

दयानंदनं खिशातून काढून दिली. ती त्याच्याकडं अजून का होती, हे कुणी विचारलं नाही. दोघं भाऊ केंद्राच्या दाराशी गेले. सिंधु दारापर्यंत गेली आणि थांबली. आत काही उरलं नव्हतं. यंत्रं गेली होती, भिंतीवर त्यांच्या जागचे पांढुरके चौकोन तेवढे होते आणि वायरींची तोंडं.

"आप्पा कुठं उभे व्हते?" किशननं विचारलं.

दयानंदनं बोटानं दाखवलं. किशन तिथं जाऊन उभा राहिला, भिंतीकडं तोंड करून. त्यानं पाय जरा फाकवले, मान पुढं केली, आणि तसाच राहिला. दयानंद बाहेर आला, दार अर्धवट ओढून घेतलं.

सिंधु मायकडं परतली. तिला उठवून, खांद्याला धरून, उताराकडं वळवलं. ऊन कलत होतं. चार पावलं गेल्यावर माय थांबली आणि तिनं मागं कान दिला.

"किशन कुठाय? त्याचा आवाज न्हाई."

"येतोय माय," सिंधु म्हणाली. "जरा आप्पांपाशी थांबलाय."